तो डाग नाही

पोस्टकार्ड ऐंशी सेंटला, तीन घेतली तर दोन युरो.
सगळ्यात जास्त खपतं ते हेच,
जुन्या जाहिरातीचं.
निळा समुद्र, पिवळं आकाश, साखरेच्या खड्यांसारखी घरं,
वर डोंगरावर किल्ला, खाली जाड अक्षरांत अल्मेरिया,
आणि त्याखाली बारीक अक्षरांत:
या बंदरावर हिवाळा उतरत नाही.

उतरतो.
माझ्या गुडघ्यांना विचारा.

चित्रकार माद्रिदहून आला होता, यादवीच्या बऱ्याच आधी.
इंग्रजांचा खनिजाचा धक्का त्याने सरळ गाळून टाकला,
एवढा हत्तीएवढा लोखंडी सांगाडा!
त्याच्या लाल धुळीने बायकांची धुणी गंजायची.
तीही गेली, द्राक्षांची पिंपं गेली,
पिंपांत बुचाचा भुसा भरणारी माणसं गेली.
राहिलं ते सुंदर.
भाडं मात्र त्याने अर्धंच दिलं.
हे सांगायची माझ्या आईची मावशी, लेओकादिया,
जिच्या माडीवर तो उतरला होता.

आता नीट बघा. डावीकडून तिसरं घर, गच्ची.
तिथे एक लाल ठिपका होता.
मोहरीएवढा.
प्रवाशांना वाटे कुंडी असेल, एखादा झेंडा असेल.
परकर होता तो लेओकादियाचा, लाल फलाणीचा.
एउतिमिओ ओरानहून मासळीखाली तंबाखू घेऊन यायचा
आणि धक्क्यावर पोलीस असले की ही परकर वाळत घालायची.
लाल दिसलं की होडी मागे.
एवढीच भाषा त्यांच्यात धड चालायची,
बाकी वेळ भांडण.

चित्रकाराला काय ठाऊक!
पांढऱ्यावर लाल शोभलं, त्याने टेकवलं.
मग जाहिरात छापून आली आणि हिच्या तोंडचं पाणी पळालं.
स्टेशनात परकर, टपाल कचेरीत परकर,
पोलीस चौकीच्या भिंतीवरसुद्धा परकर!
त्याला पाठ टेकून शिपाई विड्या ओढायचे,
बहुधा एउतिमिओच्याच तंबाखूच्या.
कोणाला काही कळलं नाही.

पुढचं ती एकदाच बोलली,
मी चोवीस वर्षांची होते, ती वाटाणे सोलत होती.
म्हणाली, त्या दिवशी मी तो खरंच धुतला होता गं.
डाग पडला होता, धुतला, वाळत घातला.
पोलीस नव्हते. कोणीच नव्हतं.
लेवान्ते सुटला होता, समुद्र पांढरा झाला होता,
आणि त्याची होडी भुशिराशी येऊन
वळली.
मग तिने शेंग उघडली. आत दोनच दाणे होते.

कोणी म्हणे ओरानला पोचला, तिथे दुसरं घर केलं.
कोणी काहीच म्हणत नसे.
परकर तिने जाळला,
पण छापलेला कसा जाळणार?
गावभर भिंतीभिंतीवर तो म्हणतच राहिला:
येऊ नकोस, येऊ नकोस.

मागच्या वर्षी नवी छपाई आली.
कोणा पोराने संगणकावर चित्र साफ केलं,
चरे बुजवले, कडा उजळल्या
आणि तिसऱ्या घराची गच्ची कोरी.
मी छापखान्यात फोन केला, तावातावाने.
तो म्हणाला, बाई, तो डाग होता.

घरून नेलपॉलिश आणलं. एकतीस कार्डांवर
काडीच्या टोकाने ठिपका ठेवला.
एका जर्मन बाईने कार्ड परत केलं:
एवढ्या छान चित्राला गालबोट लागलंय, दुसरं द्या.
दिलं. बत्तिसावं, कोरं.
ती गेली, आणि काडी माझ्या हातात तशीच.
नव्वद वर्षांनी कोणीतरी
दोरीवरून तो परकर काढला होता
आणि मी मूर्ख
पुन्हा वाळत घालत बसले होते.

ओरानची बोट आजही इथूनच सुटते, इथेच लागते.
एक कोरं कार्ड मी टपरीच्या काचेला चिकटवलंय,
चित्र समुद्राकडे.
आतून मला फक्त पाठ दिसते:
तिकिटाचा चौकोन, पत्त्याच्या चार ओळी.
गिऱ्हाईक विचारतं, हे उलटं का लावलंय?
मी म्हणते, ते विकायचं नाही.
दुसरी घ्या. तीन घेतली तर दोन युरो.